पुराव्याचा रकाना

एकोणतीस वर्षं तो जहाजाच्या पोटात होता,
इंजिनापाशी, कॉड आणि हॅडॉकच्या मागे,
आइसलँडच्या वायव्येला जिथवर बर्फ जाऊ देईल तिथवर.
निवृत्त झाला. जहाज भंगारात गेलं.
इंजिन मात्र त्याच्यासोबत घरी आलं
आणि उजव्या कानात राहिलं.

कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, यावर गोळी नाही.
मानसशास्त्रज्ञाचं नाव निघताच थोर्गिल्स म्हणाला,
"दुखणं कानात आहे, डोक्यात नाही."
मग तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
चौथ्या दिवशी बूट घालून दाराशी उभा राहिला.

स्वानहिल्ड आमच्या धाकट्यापेक्षाही लहान.
आवाज घालवून देते, असं ती एकदाही म्हणाली नाही.
तिनं विचारलं,
"तो वाजायला लागला की तुम्ही स्वतःशी काय बोलता?"
थोर्गिल्स गप्प.
इतक्या वर्षांत हे मीही विचारलं नव्हतं.

तिनं वही दिली, रकाने आखलेली:
काय घडलं. मनात काय आलं.
ते किती खरं वाटलं, शंभरपैकी.
पुरावा, बाजूचा. पुरावा, विरुद्धचा.
ज्यानं जन्मभर तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान
तासातासाला लॉगबुकात उतरवलं,
त्याला हे जमणारच होतं.
घाटातला रस्ता बर्फानं बंद झाला की
फोन साखरेच्या डब्याला टेकवून दोघं बोलायचे,
मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे.

घर मी शांत ठेवलं होतं.
पायात लोकरीचे मोजे, भांड्यांखाली फडकी,
टोल्यांचं घड्याळ माळ्यावर,
आणि रेडिओ, माझ्या आईचा, बंद.
हवामान, मासळीचे भाव, दुपारची नाटकं,
दोन वर्षं मी काही ऐकलं नाही.
त्याच्या कानात आधीच एवढं,
त्यात माझी भर कशाला.

परवा तो बंदरावर गेलेला. वही उघडीच.
वाचू नये हे मला कळत होतं.
वाचलं.

"मंगळवार, सकाळ. मी आत आलो, तिनं रेडिओकडे
नुसता हात नेला आणि मागे घेतला.
मनात आलं: मी हिला नकोसा झालोय.
किती खरं: पंच्याऐंशी.
पुरावा, बाजूचा: पूर्वी कामं करताना गुणगुणायची.
आता पाऊल न वाजवता चालते,
घरात मढं असल्यासारखी.
पुरावा, विरुद्धचा:"

पुढे कोरं.
पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका, बस.

मी उभीच. हातांना कारखान्यातल्या माशांचा वास,
जो आता साबणालाही जुमानत नाही.
त्या ठिपक्यापुढे पानभर लिहावंसं वाटलं,
पण रकाना त्याचा, अक्षर माझं झालं असतं.
मनात आलं: हे सगळं मीच करून ठेवलं.
किती खरं?
कुणी विचारलेलं नव्हतं,
तरी मी आकडा शोधत बसले,
बटाटे उकळून फुटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण फिरवलं.
खरखर, मग एक बाई, अगदी शांतपणे:
पश्चिमेचा वारा, संध्याकाळनंतर बर्फ,
लहान होड्यांनी बाहेर पडू नये.
थोर्गिल्स दारात थबकला, एक मोजा हातात.
मी भांडी मुद्दाम वाजवून ठेवली.
"मोठ्यानं लाव," तो म्हणाला,
"इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही."
मी हसले. तो नाही हसला.
मग कॉफी ओतताना हसला, एकटाच, कपात बघत.

इंजिन अजून आहे. रात्री दोनला सर्वांत जास्त.
विचारलं तर म्हणतो, चालू आहे,
पण आता पाळी माझी नाही, दुसऱ्या कुणाची.
आणि कूस बदलतो.

वही वाचल्याचं मी अजून सांगितलेलं नाही.
सांगेन, रस्ता खुला झाला की,
बहुतेक गाडीत,
दोघांची नजर समोर असताना.